बुद्धी रक्तातून येते की परिस्थितीतून?

खंडाळा तालुक्यातील नायगावला ३ जानेवारीला सावित्रीमाईंच्या जयंतीसाठी मोठी गर्दी होते. शिरवळ, लोणंद, फलटण, वाईकडची माणसे तर येतातच, पुण्या-मुंबईहूनही गाड्या भरून येतात. तिथल्या गर्दीतच एका मातेने मला एक प्रश्न विचारला आणि तोच आजच्या लेखाचा विषय आहे. तिचा मुलगा पाचवीत आहे. वाचताना अडखळतो, हिशेब चुकतो. शाळेत कोणीतरी तिला म्हणाले होते, "अभ्यास त्याच्या रक्तातच नाही, तुम्ही तरी काय करणार!" ती माउली चिडलेली नव्हती. तिला ते पटत चालले होते आणि मला तेच जास्त लागले. "डॉक्टर, काही जणांच्या रक्तातच नसतं का वो?" तिने विचारले.

"नाही" म्हणून मी मोकळा झालो असतो, तिलाही बरे वाटले असते. पण ते उत्तर अपुरे झाले असते. अपुरे उत्तर घेऊन गेलेल्या माणसाला उद्या कोणीतरी चार इंग्रजी शब्द ऐकवून पुन्हा गप्प करतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बुद्धी मोजतात म्हणजे नेमके काय मोजतात, ते आधी पाहू. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी पहिली उपयोगी बुद्धिचाचणी तयार केली. शाळेत मागे पडणारी मुले वेळेवर ओळखायची आणि त्यांना जादा मदत द्यायची, हा त्यांचा हेतू होता. पुढे इतर देशांतल्या लोकांनी तीच चाचणी माणसांना कायमच्या पायऱ्यांवर बसवण्यासाठी वापरली, तो दोष बिने यांचा नाही. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. 'बिने-कामत' या नावाने ती आजही वापरात आहे. चाचणीतून निघणाऱ्या आकड्याला बुद्ध्यांक म्हणतात. त्या वयाच्या मुलांची सरासरी १०० धरलेली असते आणि दर तीन मुलांपैकी साधारण दोन मुले ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात. आकडा उपयोगी आहे, पण त्या दिवशी, त्या भाषेत, त्या माणसासमोर मुलाने काय करून दाखवले, एवढेच तो सांगतो. उपाशी आलेल्या, समोरच्या साहेबाला घाबरलेल्या मुलाचा आकडा खाली येतो. फूटपट्टी लावून उंची मोजावी तसे हे मोजमाप नाही.

आता रक्ताकडे येऊ. आईवडिलांकडून मुलाकडे जे येते ते रक्त नसून जनुके असतात, आणि त्यांचा बुद्धीशी संबंध आहे. तो नाकारण्यात अर्थ नाही. एका बीजांडातून झालेल्या जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखी असतात. वेगवेगळ्या बीजांडांतून झालेल्या जुळ्यांची सख्ख्या भावंडांइतकीच जुळतात. पहिल्या प्रकारच्या जुळ्यांचे बुद्ध्यांक दुसऱ्या प्रकारच्या जुळ्यांपेक्षा एकमेकांच्या बरेच जवळ असतात. असे अभ्यास अनेक देशांत झाले आणि निष्कर्ष साधारण तोच निघाला. मात्र 'बुद्धीचे जनुक' असे एकही सापडलेले नाही. २०१८ साली सुमारे अकरा लाख लोकांची जनुके तपासून, माणूस किती वर्षे शिकतो याच्याशी संबंधित जागा शोधण्यात आल्या. अशा १,२७१ जागा निघाल्या आणि प्रत्येकीचा परिणाम अगदी चिमूटभर. शिवाय ते सगळे लोक युरोपीय वंशाचे होते. तिथे काढलेला हिशेब दुसऱ्या लोकसमूहांना लावला की लगेच कमजोर पडतो. त्यामुळे खंडाळ्यातल्या पोराच्या थुंकीवरून त्याची बुद्धी सांगतो असे कोणी म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

जुळ्यांच्या अभ्यासातून 'बुद्धीतला अर्धा फरक आनुवंशिक' अशी वाक्ये निघतात. वर्तमानपत्रांत ती छापून येतात आणि लोक त्यांचा अर्थ चुकीचा घेतात. हे वाक्य एका माणसाबद्दल नसते. एका ठरावीक परिस्थितीत वाढलेल्या माणसांच्या गटात एकमेकांत जो फरक पडतो, त्याबद्दल ते असते. म्हणजे काय, ते शेतावरून पाहू. अमेरिकेतील जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७० च्या सुमारास दिलेले हे उदाहरण मी आपल्याकडच्या मातीत आणून सांगतो.

लोणंद हे कांद्याचे गाव. कांद्याच्या बियाण्याची एकच पिशवी घ्या. बी सगळे एकसारखे नसते, काही दाणे जोमाचे असतात, काही हलके. न निवडता त्याच्या दोन वाटण्या करा. एक वाटणी वीर धरणाच्या कालव्याखालच्या काळ्या रानात टाका, खत घाला, पाणी वेळेवर द्या. दुसरी वाटणी डोंगरउतारावरच्या मुरमाड रानात, पावसाच्या भरवशावर टाका. काढणीला काळ्या रानात मोठे कांदे असतील, लहानही असतील. माती आणि पाणी सगळ्यांना सारखेच मिळाले, म्हणजे तिथला आपापसातला फरक बियाण्याचा. मुरमाड रानातही तसेच. दोन्ही रानांत आतला फरक पूर्ण बियाण्याचा आहे. पण एका रानाचा कांदा सरासरीने टपोरा आणि दुसऱ्याचा गोटीएवढा, हा फरक पूर्ण मातीचा आणि पाण्याचा आहे, कारण बी एकाच पिशवीतले होते.

ज्या समाजाला शेकडो वर्षे मुरमाड रानात टाकले, पाणवठाही बंद ठेवला, त्याच्या मुलांचे गुण पाहून 'बियाणेच हलके' म्हणणाऱ्याला हे उदाहरण ऐकवावे. रानाच्या आतला फरक आनुवंशिक आहे म्हणून दोन रानांमधला फरकही आनुवंशिक ठरत नाही. जातींमध्ये बुद्धीचा जन्मजात फरक असल्याचा पुरावा कोणत्याही जनुकशास्त्राने दिलेला नाही.

मुरमाड रानाबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. जिथे पाणीच नाही तिथे जोमदार बी आणि हलके बी दोन्ही खुरटतात. अमेरिकेत एरिक टर्कहायमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली सात वर्षांच्या जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुखवस्तू घरांतील मुलांच्या बुद्ध्यांकात जनुकांचा वाटा मोठा दिसला. गरीब घरांत तो जवळजवळ शून्यावर आला, तिथला फरक घरच्या परिस्थितीने ठरत होता. युरोपातील नंतरच्या अभ्यासांत हे एवढे ठळक दिसले नाही. तिथे गरिबालाही दवाखाना आणि बरी शाळा मिळते, हे त्याचे एक कारण असू शकते.

हा विषय बाबासाहेबांनी १९३६ सालीच हाताळला आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि न झालेल्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात समतेची चर्चा आहे. माणूस कशाने घडतो, हे सांगताना ते तीन गोष्टी मांडतात: शरीराने आलेला वारसा, आईवडिलांची निगा, शिक्षण, साठलेले ज्ञान असा समाजाकडून आलेला वारसा, आणि माणसाचे स्वतःचे प्रयत्न. तिन्ही बाबतींत माणसे समान नसतात हे ते मान्य करतात. पण शर्यतीच्या सुरुवातीलाच शक्य तेवढी समानता दिली नाही, तर ज्यांना घराणे आणि शिक्षण आधीच मिळाले आहे तेच जिंकणार आणि ती कुवतीची निवड ठरणार नाही, असा त्यांचा मुद्दा आहे. वंशशुद्धीसाठी जात हवी, या युक्तिवादाचाही त्यांनी त्याच पुस्तकात समाचार घेतला आहे. आज जनुकशास्त्र ज्याला जनुके आणि परिसर म्हणते, त्याची इतकी नेमकी मांडणी आपल्या घरातल्या पुस्तकात असताना आपल्याच माणसांनी 'रक्तात नाही' म्हणावे, याचे मला आश्चर्य वाटते. 'गेल्या जन्मीचे कर्म' हे उत्तर तर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये त्यांनी स्पष्टपणे फेटाळले आहे. वासेट्ठ सुत्तात भगवंतांनीही हेच सांगितले: गवत, किडे, पशू, पक्षी यांच्यात जन्माने जाती वेगळ्या दिसतात, माणसांत तशा दिसत नाहीत.

आपल्यात याच्या उलट एक बोलणेही चालते. 'बाबासाहेब जन्मतःच अफाट बुद्धीचे, त्यांच्याशी आपल्या पोरांची बरोबरी कशी?' हा आदर आहे, पण याने पोराचा पाय मागेच राहतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवाचे नाव दाखल झाले. त्या मुलामागे काय होते ते पाहा. आजोबा मालोजी फौजेत होते. वडील सुभेदार रामजी फौजेतल्या शाळेत शिकले आणि तिथेच मुख्याध्यापक झाले. फौजेत शिक्षण सक्तीचे होते, त्यामुळे या घरात वाचणारी माणसे होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली आणि असंख्य घरांची ही वाट बुजली. रामजींनी मुलाला पहाटे उठवून अभ्यासाला बसवले, पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण ठेवले. वर्गात मात्र त्याला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. बुद्धी असामान्य होती यात शंका नाही. पण फौजेची शाळा, रामजींची पहाट, केळुसकर गुरुजींची पुस्तके आणि बडोद्याची शिष्यवृत्ती वजा करून पाहा. तेवढीच बुद्धी घेऊन जन्मलेली किती मुले गोणपाटावरच संपली असतील, त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

सावित्रीमाईंचेही तसेच. १८३१ साली नायगावात जन्मलेली मुलगी १८४० साली लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. १८४८ साली ती शिक्षिका होती. आठ वर्षांत जनुके बदलत नाहीत. आणि १८५५ साली अवघी काही वर्षे शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. तिच्या आईला, आजीला तसे लिहिता आले नसते, पण ते बुद्धी कमी होती म्हणून नव्हे.

पिढी बदलली की संपूर्ण देशाचे बुद्ध्यांक वर सरकतात, हे न्यूझीलंडचे संशोधक जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले. अमेरिकेत दर दहा वर्षांना सुमारे तीन गुणांची वाढ होत गेली. हॉलंडमध्ये फौजेत आलेल्या तरुणांचे गुण १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत सुमारे वीसने वाढले. तीस वर्षांत कोणत्याही देशाचे रक्त बदलत नाही. खाणे, आजारपण, शाळा आणि विचार करण्याच्या सवयी बदलतात.

मुलाला काय म्हणून हाक मारली जाते, याचाही परिणाम मोजला गेला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. तथाकथित वरच्या जातीची ३२१ मुले होती आणि तथाकथित खालच्या जातीची ३२१. प्रत्येक सुटलेल्या कोड्याला पैसे ठेवले होते. जात कोणी उच्चारली नाही तेव्हा दोन्हींत म्हणावा असा फरक नव्हता. पण सगळ्यांसमोर प्रत्येक मुलाचे नाव, बापाचे, आजोबाचे नाव आणि जात पुकारली, तेव्हा खालच्या म्हटल्या जाणाऱ्या जातीच्या मुलांची सुटलेली कोडी सुमारे एक पंचमांशाने घटली. मुले त्याच गावांतली, मेंदू तसेच. वर्गात शिष्यवृत्तीची यादी जातवार मोठ्याने वाचणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. पालकांनीही शाळेला तसे सांगावे, भांडून नको, पण स्पष्ट सांगावे.

आता आपल्या हातातले पाहू. मुलाच्या मेंदूची बहुतेक वाढ आईच्या पोटात आणि पहिल्या दोन वर्षांत होते. दोन वर्षांच्या मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या वजनाच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोहोचलेला असतो. म्हणून पाचवीतल्या मुलाची गोष्ट त्याच्या आईच्या गरोदरपणात सुरू होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील ५४ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत हे प्रमाण जवळजवळ ६९ टक्के होते. पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. लोह फक्त रक्तासाठी लागते असे नाही, मेंदूच्या तारांवरचे आवरण आणि मेंदूतली रसायने तयार होण्यासाठीही लागते. लोह कमी असलेले मूल सुस्त दिसते, त्याचे लक्ष टिकत नाही आणि मास्तर त्याला आळशी म्हणतात.

गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्यायच्या असतात. शौचास काळी होते, मळमळते म्हणून अनेक सुना त्या कपाटात ठेवून देतात. रात्री जेवणानंतर घेतल्या तर त्रास कमी होतो. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर लोह अंगी लागत नाही, लिंबू पिळले तर लागते. बाजरी, हुलगा, राजगिरा, अळीव, तीळ घरात असतातच. अंडी, सुकट, कलेजी खाणाऱ्यांनी ती गरोदर बाईच्या ताटात आधी वाढावी. आपल्याकडे कलेजी अजूनही घरातल्या पुरुषांना पहिल्यांदा जाते. मुलांना अंगणवाडीतून मिळणारे लोहाचे औषध आणि वर्षातून दोनदा जंताची गोळी चुकवू नये.

आयोडीन हे तर बुद्धीचे सगळ्यात स्वस्त औषध. गरोदरपणात ते फार कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. तीव्र कमतरतेच्या भागांतील मुलांचे बुद्ध्यांक सरासरी १२ ते १३ गुणांनी कमी आढळले आहेत. भारतात १९६२ पासून यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे. मिठाच्या पुडीवर आयोडीनयुक्त असल्याचा शिक्का पाहूनच घ्यावे. बाजारात सुटे मिळणारे खडे मीठ स्वस्त असते, पण त्यात आयोडीन असेलच असे नाही. मिठाची बरणी झाकणबंद ठेवावी, चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नये.

शिशाबद्दल आपल्यात कोणी बोलत नाही. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात धोक्याच्या पातळीवर शिसे आहे आणि अशी सर्वाधिक मुले भारतात, सुमारे साडेसत्तावीस कोटी. तेवढ्या शिशाने बुद्ध्यांक तीन ते पाच गुणांनी घटतो आणि गेलेले गुण परत येत नाहीत. ते येते कुठून? जुन्या बॅटऱ्या फोडणे आणि वितळवणे, २०१७ पूर्वीचे तेलरंग, काही सुरमे-काजळ, रंग चढवलेली सुटी हळद. घरात कोणी भंगाराच्या किंवा बॅटरीच्या कामावर जात असेल तर कामाचे कपडे बाहेर काढावेत, हातपाय धुऊन मगच मुलाला जवळ घ्यावे. बॅटरी घराच्या अंगणात कधीच फोडू नये. हा धोका कोणाच्या वाट्याला जास्त येतो, ते आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

खाण्याइतकेच बोलणेही लागते. जमैकातील किंग्स्टन शहरात १९८० च्या दशकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी ९ ते २४ महिने वयाची, वाढ खुंटलेली १२९ गरीब मुले घेतली. काहींना दूध पावडर दिली. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्यसेविका जाई आणि मुलाशी कसे खेळायचे, काय बोलायचे हे आईला दाखवी. काहींना दोन्ही दिले, काहींना काहीच नाही. खेळणी घरच्याच टाकाऊ वस्तूंची. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा, खेळ आणि बोलणे ज्यांना मिळाले ती मुले काहीच न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त कमावत होती आणि बुद्धिचाचण्यांतही पुढे होती. नुसत्या दुधाचा फायदा टिकला नव्हता. यावरून खाणे महत्त्वाचे नाही असे समजू नये. ग्वाटेमालातील चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात लहानपणी पौष्टिक पेज मिळालेली मुले मोठेपणी वाचनात आणि कमाईत पुढे निघाली. पण पोट भरलेल्या मुलाशी कोणी बोललेच नाही तर निम्मे काम राहते.

आपल्या घरात हे कसे करायचे? भाकरी थापताना मुलाला समोर बसवा आणि बोलत राहा: पीठ, पाणी, गरम, गोल, एक भाकरी, दोन भाकरी. मूल 'आ' म्हणाले की उत्तर द्या. जात्यावरच्या ओव्या आजीला येत असतील तर गाऊ द्या. आपली बोली अशुद्ध आहे म्हणून मुलाशी गप्प राहू नका, मेंदूला बोली आणि प्रमाणभाषा यातला फरक कळत नाही. हातात मोबाईल देऊन मूल शांत बसते खरे, पण मोबाईल त्याच्या बोलण्याला उत्तर देत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या, दिवसभर कंपनीत उभ्या असणाऱ्या आईला हे कसे जमणार, असा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच अंगणवाडी वेळेवर उघडणे, तिथे नुसता खाऊ न वाटता मुलांशी खेळणे, हा आपल्या वस्तीच्या मागण्यांतला विषय व्हायला हवा. विहारात रविवारी एक तास लहान मुलांच्या गोष्टींसाठी ठेवायला पैसा लागत नाही.

मंदगतीच्या मुलाबद्दल धम्मातली एक कथा आहे. महापंथक आणि चूळपंथक हे सख्खे भाऊ, दोघेही भिक्खू झाले. थोरला तल्लख, धाकट्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. वैद्य जीवकाने संघाला भोजनाचे निमंत्रण दिले तेव्हा थोरल्याने धाकट्याला मोजलेही नाही, संघातून निघून जायला सांगितले. भगवंतांनी त्याला थांबवले. पाठांतर बाजूला ठेवले, हातात स्वच्छ कापडाचा तुकडा दिला आणि तो चोळत राहायला सांगितले. कापड मळत गेले, मन कसे मळते ते त्याला त्यावरून उमगले आणि तो अर्हत झाला. आईबाप तेच, शिकवण्याची रीत बदलली.

जनुकांमुळेच बुद्धीवर थेट परिणाम होतो असे आजारही आहेत. तिथे 'परिस्थिती' म्हणून दुर्लक्ष करणे घातक ठरते. आपल्या सातारा-सांगली भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अजून आहे. अशा लग्नांत आजी-आजोबांकडून आलेले एकच सदोष जनुक दोन्ही बाजूंनी बाळाकडे पोहोचू शकते. जन्मजात गंभीर दोषाचा धोका साधारण २ ते ३ टक्के असतो, तो अशा जोडप्यांत ४ ते ६ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे बहुतेक मुले निरोगीच होतात, पण धोका दुप्पट. मामा-भाचीच्या लग्नात तो याहून जास्त. घरात आधी एखादे मतिमंद किंवा बहिरे मूल असेल तर नात्यात सोयरीक जुळवूच नये. झालेली असेल तर गरोदरपणाआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

जन्मतः थायरॉईड काम करत नसलेले बाळ सुमारे हजारात एक असते. बाळ पहिल्या दिवसांत अगदी ठीक दिसते, शांत, फार न रडणारे, आणि घरचे म्हणतात किती गुणी आहे. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत टाचेतून थेंबभर रक्त घेऊन तपासले आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू केली तर ते मूल इतरांसारखेच शिकते. सहा महिने गेले तर बुद्धीचे नुकसान भरून येत नाही. गोळी अगदी स्वस्त आहे. बाळंतपणाच्या वेळी ही तपासणी आपणहून मागावी.

याउलट जिथे पैसे घालवू नयेत त्या जागाही सांगतो. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणाऱ्या तपासण्या शाळांमधून काही हजार रुपये घेऊन केल्या जातात. त्यांना कसलाही शास्त्रीय आधार नाही. ही हस्तसामुद्रिकाची संगणकावर छापलेली आवृत्ती आहे आणि आपण पत्रिका सोडून त्यात पडलो तर काय मिळवले? 'मेंदूचे टॉनिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांचेही तेच. तेवढ्या पैशांत महिनाभर रोज एक अंडे येते.

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला मठ्ठ म्हणण्याआधी त्याचे डोळे, कान आणि हिमोग्लोबिन तपासावे. फळा न दिसणारे, सतत कान फुटणारे मूल मागच्या बाकावर बसले की त्याला निम्मे शिकवणे पोहोचतच नाही. हे सगळे ठीक असून अक्षरेच उलटसुलट दिसत असतील, तर तो वाचनदोष असू शकतो. तो हुशार मुलांतही असतो आणि शिकवण्याची रीत बदलून त्यावर मात करता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची शाळेत आणि अंगणवाडीत मोफत तपासणी होते. पुढचे उपचार कुठे मिळतील याची चौकशी आशाताईंकडे, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात करावी.

नायगावच्या त्या मातेला मी या तीनच तपासण्या सांगितल्या. बोलता बोलता मुलगा जवळ येऊन उभा राहिला. आईचा पदर धरून तो सभामंडपाच्या पलीकडचा फलक डोळे बारीक करकरून वाचू पाहत होता. "आधी डोळे," मी म्हणालो.